धंद्यात ‘गो अराउंड’ कधी म्हणायचं? कोझिकोड विमान अपघाताचा अभ्यास

या आठवड्याच्या व्हिडिओत कोझिकोडच्या विमान अपघाताबद्दल बोललो, पण कॅमेऱ्यासमोर दहा-बारा मिनिटांत हा विषय मावत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बसा आणि वही जवळ ठेवा, कारण शेवटी एक काम देणार आहे.

सुरुवातीलाच एक सांगतो. हा लेख कुणाला दोष देण्यासाठी नाही. त्या विमानाचे कॅप्टन दीपक साठे यांचं कुटुंब आपल्या नागपूरचं. ही बातमी आली तेव्हा अर्ध्या शहराला घरचं कुणी गेल्यासारखं झालं होतं. हवाई दलात लढाऊ विमानं उडवलेला माणूस, प्रशिक्षणात ‘स्वॉर्ड ऑफ ऑनर’ मिळवलेला, पुढे एचएएलमध्ये चाचणी वैमानिक. प्रवासी विमानांचा हजारो तासांचा अनुभव, आणि कोझिकोडला ते अनेकदा उतरलेले. म्हणूनच ही केस अभ्यासायची. एखाद्या नवख्याच्या हातून घडलं असतं तर आपण “अनुभव कमी पडला” म्हणून मोकळे झालो असतो. इथे ती पळवाट नाही.

त्या रात्री काय झालं

७ ऑगस्ट २०२०. कोरोनाचा काळ. परदेशात अडकलेल्या लोकांना घरी आणण्यासाठी ‘वंदे भारत’ मोहीम सुरू होती. एअर इंडिया एक्स्प्रेसचं १३४४ क्रमांकाचं विमान दुबईहून कोझिकोडला निघालं. बोईंग ७३७ जातीचं विमान, आत १८४ प्रवासी आणि ६ कर्मचारी.

कोझिकोडचा विमानतळ करिपूरला आहे, मलप्पुरम जिल्ह्यात. तो ‘टेबलटॉप’ आहे. म्हणजे टेकडीचा माथा सपाट करून वर धावपट्टी बांधली आहे, आणि धावपट्टी संपली की पुढे दरी. आपल्या सोनेगावच्या विमानतळासारखं मोकळं मैदान तिथे नाही. आपली धावपट्टी ३,२०० मीटरची, तिथली २,७०० मीटरची. त्यात ऑगस्टमधला केरळचा पाऊस, आणि सूर्य मावळून गेलेला.

धावपट्टीवर दोन्ही बाजूंनी उतरता येतं. पहिला प्रयत्न एका बाजूने झाला. पाऊस जोरात होता आणि कॅप्टनच्या समोरच्या काचेचा वायपर थोडा वेळ चालून बंद पडला. त्यांनी उतरणं सोडून विमान पुन्हा वर घेतलं. याला म्हणतात गो अराउंड. निर्णय अगदी बरोबर होता, हे लक्षात ठेवा, याच्याकडे आपण परत येणार आहोत.

दुसरा प्रयत्न उलट बाजूने झाला. आता वारा पाठीमागून होता. समोरचा वारा विमानाला थोपवून धरतो, त्याने वेग लवकर मारता येतो. मागचा वारा ढकलतो. ओल्या आणि दरीच्या काठावरच्या धावपट्टीवर मागून ढकलणारा वारा म्हणजे उतारावर कुणीतरी सायकलला मागून धक्का द्यावा तसं. टेकताना हा वारा सुमारे १४ नॉटचा होता, म्हणजे ताशी जवळपास २६ किलोमीटर.

खाली येण्याचा वेग मिनिटाला ७५० फुटांच्या आसपास हवा होता. तो १,५०० पर्यंत गेला. सहवैमानिक अखिलेश कुमार यांनी दोनदा सावध केलं. कॅप्टननी “करेक्शन” म्हणून दखल घेतली. पण धावपट्टीच्या सुरुवातीवरून जाताना विमान ९२ फुटांवर होतं. साधारणपणे ते ५० फुटांच्या आसपास असायला हवं. त्यानंतर विमान टेकेचना, धावपट्टीवर तरंगतच राहिलं. सहवैमानिक आधी “जरा बघा” अशा अर्थाचं बोलले, मग “कॅप्टन” अशी हाक मारली, आणि मग “गो अराउंड” म्हणाले.

विमान टेकलं तेव्हा धावपट्टी निम्मी संपली होती आणि वेग ताशी ३०० किलोमीटरच्या घरात होता. पुढे जे उरलं होतं त्यात ते थांबणं शक्य नव्हतं. विमान टोकावरून पुढे गेलं, सुमारे ११० फूट खाली कोसळलं आणि तुटलं. दोन्ही वैमानिक आणि १९ प्रवासी गेले. इंधन सांडलं, पण आग लागली नाही. आजूबाजूची माणसं कोरोनाची भीती बाजूला ठेवून पावसात धावून आली, आणि १६९ जण वाचले.

विमान अपघात तपास विभागाचा अहवाल २०२१ मध्ये आला. त्याचं सार असं: विमान स्थिर नसताना उतरणं चालू ठेवलं, ठरलेल्या जागेच्या पुष्कळ पुढे टेकवलं, ‘गो अराउंड’ असा आवाज आल्यावरही वर घेतलं नाही, आणि सहवैमानिकानेही कंट्रोल स्वतःच्या हातात घेऊन विमान वर नेलं नाही. अहवाल एवढ्यावर थांबत नाही. कंपनीच्या व्यवस्थेतल्या दोषांचाही अपघातात वाटा आहे, असं तो म्हणतो. तिथेच आपल्यासाठी सगळ्यात मोठा धडा आहे, पण त्याआधी दोन गोष्टी समजून घ्या.

रात्री डोळे फसवतात

रात्री उतरणं अवघड का? दिवसा खाली झाडं, रस्ते, घरं दिसतात, त्यावरून मेंदू उंची मोजतो. रात्री सगळीकडे काळोख आणि मधे फक्त धावपट्टीचे दिवे. अशा वेळी वैमानिकाला आपण आहोत त्यापेक्षा वर आहोत असं वाटू शकतं, किंवा त्याच्या उलटही. काचेवर पाणी असेल तर दिवे आणखीनच फसवतात. म्हणून धावपट्टीच्या कडेला चार दिव्यांची एक ओळ असते. दोन पांढरे आणि दोन लाल दिसले तर तुम्ही बरोबर. चारही पांढरे म्हणजे फार वर, चारही लाल म्हणजे फार खाली. वैमानिकाला हेच शिकवतात की पोटातून जे वाटतंय त्यापेक्षा दिवे आणि काटे खरे.

आता आपल्या धंद्यातली रात्र कोणती? माझं गांधीबागेत पॅकेजिंग मटेरिअलचं दुकान आहे. खोके, पाऊच, टेप, मिठाईचे डबे. माझ्याकडे येणारे निम्मे लोक घरून धंदा करणारे आहेत, आणि त्यांची रात्र म्हणजे दिवाळीआधीचे वीस दिवस. ऑर्डरवर ऑर्डर येते, फोन थांबत नाही, गल्ल्यात पैसा फिरतो, आणि मस्त चाललंय असं वाटतं. वाटतंच! कुणाचं उधार किती, माल कितीचा उचलला, हातात रोख किती, हे त्या वीस दिवसांत कुणी बघत नाही. नेमकं जेव्हा दिसत नाही तेव्हाच काट्यांकडे बघायचं असतं, आणि नेमकं तेव्हाच आपण वही लिहिणं बंद करतो. “दिवाळी झाली की बसून हिशेब करू” हे वाक्य मी दर वर्षी किती जणांकडून ऐकतो, विचारू नका.

वैमानिकांचा नियम बघा. ठरावीक उंचीवर आल्यावर विमान ‘स्थिर’ असलंच पाहिजे. वेग ठरलेल्या मर्यादेत, खाली येण्याचा दर मर्यादेत, चाकं बाहेर, दिशा सरळ. ढगात असाल तर जमिनीपासून १,००० फुटांवर, स्वच्छ दिसत असेल तर ५०० फुटांवर, असं साधारण धरतात. यातली एक जरी गोष्ट जागेवर नसेल तर वर जायचं. “अजून जमेल, दुरुस्त करतो” हे चालत नाही. का? तर हा निर्णय त्या क्षणी घ्यायचाच नसतो, तो जमिनीवर बसून शांत डोक्याने आधीच घेतलेला असतो.

हे धंद्यात कसं आणायचं? एक उदाहरण घेऊ.

समजा मनीषनगरातल्या एक ताई घरून फराळ करतात. त्यांना एका कंपनीची दिवाळी भेटीची ऑर्डर आली. ४०० बॉक्स, प्रत्येकी ४५० रुपये, म्हणजे १,८०,००० रुपये. कच्चा माल ९०,०००, छापील डबे १८,०००, हाताखालच्या बायांची मजुरी २०,०००. सगळं नीट झालं तर ५२,००० सुटतात. निम्मी रक्कम ॲडव्हान्स ठरली. घरात आनंद, शेजारीपाजारी सांगून झालं.

आता त्या ताईंनी कागदावर दोन उंच्या लिहून ठेवायच्या. पहिली: माल द्यायच्या वीस दिवस आधी ९०,००० रुपये खात्यात जमा आणि ऑर्डर मेलवर. फोनवर नाही, मेलवर. दुसरी: दहा दिवस आधी डब्यावरच्या छपाईला लेखी मंजुरी, आणि उरलेल्या पैशाची तारीख ठरलेली.

विसावा दिवस उजाडला. कंपनीतला माणूस म्हणतो, “ताई, चेक प्रोसेसमध्ये आहे, तुम्ही सुरू करा.” इथे काय होतं? काजू-बदामाचे भाव रोज चढताहेत, तुपाचे डबे आज घेतले तर स्वस्त पडतील, बाया ठरवून ठेवल्या आहेत. सगळंच खाली ओढतंय. आणि चेक प्रोसेसमध्ये आहे हे खरंही असू शकतं हो! माणूस खोटारडा आहे असं मी म्हणत नाही. पण काटा जागेवर नाही.

गो अराउंड म्हणजे ऑर्डर सोडून देणं नाही, हे इथे नीट समजून घ्या. विमान पुन्हा वर जातं, एक चक्कर मारतं आणि परत येतं, किंवा दुसऱ्या विमानतळावर जातं. प्रवासी तर शेवटी खालीच उतरायचे असतात. ताईंनी म्हणायचं, “सर, १०० बॉक्सचा माल मी माझ्या हिमतीवर सुरू करते. ॲडव्हान्स आला की उरलेले ३००. तीन दिवस उशिरा आला तर तीन दिवस उशिरा देईन, हे आत्ताच मेलवर लिहून पाठवते.” समोरचा नाराज होईल का? होऊ शकतो. पण १०० बॉक्सचा माल अडकला तर तो सोसायटीत, ओळखीत खपतो. ४०० चा खपत नाही.

आणि आता माझ्या दुकानातली गोष्ट सांगतो, कारण हे फक्त पॅकेजिंगवाल्यालाच दिसतं. विमान टेकल्यावर इंजिनाचा जोर उलटा फिरवतात, त्याला रिव्हर्सर म्हणतात. ते एकदा उघडले की मग पुन्हा उडायचं नाही, थांबायचंच, असा नियम आहे. आपल्या धंद्यात डब्यावर कंपनीचा लोगो छापला की रिव्हर्सर उघडले. लाडू कुणालाही विकता येतो, पण दुसऱ्याचं नाव छापलेला डबा कुणाला देणार? तो रद्दीत जातो. म्हणून प्रत्येक धंद्यात एक जागा असते, जिच्यापुढे मागे फिरता येत नाही. कापडवाल्यासाठी ती कात्री लावण्याची वेळ. हॉटेलवाल्यासाठी जागेचं डिपॉझिट भरण्याची वेळ. फर्निचरवाल्यासाठी मापाने प्लाय कापण्याची. तुमची कोणती, ते ओळखा, आणि तुमच्या दोन्ही उंच्या तिच्या अलीकडे ठेवा.

दुसरी चक्कर जास्त जड असते

आता त्या पहिल्या प्रयत्नाकडे परत येऊ. पहिल्या वेळी कॅप्टननी बरोबर निर्णय घेतला, विमान वर नेलं. म्हणजे नियम माहीत होता, तयारी होती, धाडसही होतं. मग दुसऱ्या वेळी काय बदललं? जाता येतील असे पर्यायी विमानतळ होते, इंधनही होतं.

त्यांच्या मनात काय चाललं होतं हे कुणालाच कळणार नाही, आणि मी ते सांगायचा आवही आणत नाही. पण दुकानदार म्हणून मला एवढं माहीत आहे की पहिल्यांदा थांबणं सोपं असतं, दुसऱ्यांदा थांबणं महाकठीण. अक्षय तृतीयेला दुकान उघडायचं ठरवलं, परवाना आला नाही, पुढे ढकललं. लोक म्हणाले, “काही हरकत नाही भाऊ.” मग दसऱ्याचा मुहूर्त काढला. आता परवाना अजूनही टेबलावर अडकलाय, फर्निचर अर्धवट आहे, पण पत्रिका वाटून झाल्या. आता थांबाल? सासरची माणसं काय म्हणतील, मित्र काय म्हणतील, भाडं तर सहा महिन्यांपासून सुरू आहे. दुसऱ्या वेळी आपण परिस्थितीकडे बघतच नाही, फक्त “पुन्हा नको” एवढंच डोक्यात असतं.

यावर उपाय एकच मला सापडलाय. पहिल्यांदा थांबताना, त्याच बैठकीत, दुसऱ्या वेळचे काटे लिहायचे. “दसऱ्याला उघडू” असं नाही लिहायचं. “परवाना हातात आणि वीज मीटर सुरू, त्यानंतरचा पहिला चांगला दिवस” असं लिहायचं. तारीख माणसाला ओढते, अट ओढत नाही.

मुलगा बोलला, पण ऐकू आला का?

कोझिकोडच्या दहा वर्षं आधी, २२ मे २०१० ला, मंगळुरूला असाच अपघात झाला होता. तीच कंपनी, तसंच दुबईहून आलेलं विमान, तसाच टेबलटॉप विमानतळ. वेळ सकाळची. १५८ माणसं गेली. तिथेही सहवैमानिकाने एकदा नाही, तीनदा ‘गो अराउंड’ म्हटलं होतं.

त्याच्याही खूप आधी अमेरिकेत, २८ डिसेंबर १९७८ च्या संध्याकाळी, पोर्टलंडला उतरायला आलेलं युनायटेड एअरलाइन्सचं विमान चाकांच्या बिघाडामुळे तासभर घिरट्या घालत राहिलं. कॅप्टनचं सगळं लक्ष चाकांवर. इंधन संपत आलंय हे कॉकपिटमधल्या दुसऱ्यांना दिसत होतं, ते बोलतही होते, पण हळू, आडून, आदराने. शेवटी इंधन संपून विमान वस्तीत पडलं आणि १० जण गेले. यानंतर विमान कंपन्यांनी एक नवं प्रशिक्षण सुरू केलं. खालच्याने वरच्याला स्पष्ट कसं सांगायचं आणि वरच्याने ते कसं ऐकायचं, याचंच प्रशिक्षण! विमान उडवायला शिकवतात तसं बोलायला शिकवतात.

आपल्या दुकानात हे कोण शिकवतं? आपल्याकडे तर मालकाला उलटून बोलणारा पोरगा म्हणजे आगाऊ. मग तो काय करतो? “भाऊ, ही पार्टी जरा लेट देते वाटते” असं पुटपुटतो. आपण म्हणतो, “हो हो, बघू.” आणि माल गाडीत चढतो. कॉकपिटमधल्या “जरा बघा” आणि “करेक्शन” यांच्यापेक्षा हे वेगळं कुठे आहे?

माझ्या दुकानात नियम असा आहे. कोणत्याही पार्टीची बाकी तिच्या मर्यादेच्या वर गेली की काउंटरवरच्या मुलाने “माल थांबवतो” एवढे दोन शब्द म्हणायचे, आणि ते म्हटल्यावर माल थांबतो. मी समोर असलो तरी. पार्टी माझा मित्र असला तरी. मी तो आदेश त्याच मिनिटाला फिरवू शकत नाही. फिरवायचा असेल तर संध्याकाळी हिशेब समोर ठेवून, दोघांनी बसून. “मला वाटतं”, “जरा बघा”, “चालेल का भाऊ” हे शब्द यात नाहीत. शब्द आधी ठरलेले असले की लहान माणसाला धाडस गोळा करावं लागत नाही, तो फक्त ठरलेलं वाक्य म्हणतो.

आणि त्याने चुकीच्या वेळी थांबवलं तर? रागवायचं नाही. बऱ्याच विमान कंपन्यांत असं धोरण असतं की वैमानिकाने गो अराउंड केलं तर त्याला शिक्षा नाही, मग नंतर ते अनावश्यक होतं असं दिसलं तरी. थोडं इंधन जास्त जळतं, प्रवासी कुरकुरतात, संपलं. एका थांबवलेल्या ऑर्डरमुळे माझं झालेलं जास्तीत जास्त नुकसान म्हणजे एक रुसलेलं गिऱ्हाईक आणि त्याला पाजलेला एक चहा.

एक कॅप्टन, २६ सहवैमानिक

आता तो मोठा धडा, ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो.

तपास अहवालात एक आकडा आहे. कोझिकोडला नेमणूक असलेल्या वैमानिकांमध्ये सहवैमानिक २६ होते आणि कॅप्टन फक्त १. दुसऱ्या दिवशी सकाळी कोझिकोडहून निघणारं विमान कॅप्टन साठे यांनाच न्यायचं होतं. विमान दुसरीकडे उतरलं असतं तर कामाचे तास आणि सक्तीची विश्रांती यांच्या हिशेबात ते सकाळच्या विमानाला मिळाले नसते, आणि त्यांच्या जागी दुसरा कॅप्टन तिथे सहज उपलब्ध नव्हता. सकाळच्या विमानासाठी कोझिकोडलाच पोहोचण्याची ओढ हे उतरण्याच्या निर्णयामागचं एक कारण होतं, असं अहवाल म्हणतो. माणसं कुठे आणि किती ठेवायची याचं कंपनीचं धोरणच चुकलेलं होतं, असंही म्हणतो.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. पावसात, अंधारात, वायपरने दगा दिलेल्या काचेमागे बसलेल्या माणसावर जे ओझं होतं, ते कुणीतरी ऑफिसात बसून, कोरड्या खोलीत, रोस्टरच्या तक्त्यात आधीच टाकून ठेवलेलं होतं. आणि टाकणाऱ्याला ते दिसलंही नसेल. त्याच्यासाठी तो फक्त एक रिकामा चौकोन होता.

आपण सगळे व्हिडिओ बघताना स्वतःला कॅप्टन समजतो. धंद्याचा कॅप्टन, लीडर वगैरे. मी सांगतो, मालक आधी रोस्टर बनवणारा असतो. दुकानात कोण कधी असेल, कुणाशिवाय काय अडेल, हे तुम्ही ठरवता किंवा ठरवत नाही. आणि बहुतेक छोट्या धंद्यांत चित्र काय असतं? काम करणारे पाच-सात, आणि निर्णय घेणारा एक. तोच खरेदी करतो, तोच बँकेत जातो, तोच जीएसटी भरतो, तोच शटर उघडतो.

एक साधी परीक्षा घ्या. तुमच्या धंद्याच्या बँक खात्याचा ओटीपी कुणाच्या फोनवर येतो? फक्त तुमच्या? दुकानाची दुसरी किल्ली कुठे आहे? घरी, कपाटात, तुमच्याच शर्टाखाली? सप्लायरचा भाव तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे? उद्या सकाळी तुम्हाला १०२ ताप आला तर दुकान उघडेल का, आणि उघडलं तर एखादा निर्णय होईल का?

उत्तर ‘नाही’ असेल तर त्याचा अर्थ फक्त “सुट्टी मिळत नाही” एवढाच नाही. त्याचा खरा अर्थ असा की तुमचा प्रत्येक निर्णय उद्याच्या सकाळच्या दबावाखाली होतो. रात्री अकराला अमरावतीहून माल घेऊन येताना डोळे मिटताहेत, वाटेत ढाब्यावर दोन तास झोपायला हवं. पण सकाळी नऊला शटर कोण उघडणार? मग तुम्ही गाडी चालवत राहता. तो निर्णय स्टिअरिंगवर झालेला नसतो. तो त्या दिवशी झालेला असतो, ज्या दिवशी तुम्ही दुसरी किल्ली कुणाला दिली नाही.

लोक मला म्हणतात, “सर, आम्हाला दुसरा माणूस ठेवायला परवडत नाही.” खरं आहे, सुरुवातीला परवडत नाही. पण दुसरा कॅप्टन म्हणजे पगारी मॅनेजरच पाहिजे असं नाही. बायको, भाऊ, आई, बाजूचा विश्वासू दुकानदार, जुना मुलगा, कुणीही चालेल. त्याला पूर्ण दुकान चालवता यायला नको, फक्त तुमच्याशिवाय एक दिवस पार पडायला हवा. भाव लिहिलेली एक वही, एक किल्ली, पाच हजारांपर्यंतचा निर्णय घ्यायची मोकळीक. आमच्या दुकानात महिन्यातला एक मंगळवार मी जातच नाही. फोनही उचलत नाही. त्या दिवशी जे अडतं ते माझ्यासाठी पुढच्या महिन्याचं काम असतं. पहिल्या मंगळवारी अकरा गोष्टी अडल्या होत्या, बाप्पा! आता एखाददुसरी अडते.

आता वही काढा

आजचं काम छोटं आहे. सध्या हातात असलेली एकच ऑर्डर किंवा एकच योजना घ्या, सगळ्यात मोठी. एका पानावर तिची ‘मागे फिरता न येणारी जागा’ लिहा. तिच्याआधीच्या दोन उंच्या लिहा. प्रत्येक उंचीवर काय जागेवर असलं पाहिजे ते आकड्यात आणि कागदात लिहा, “समोरचा चांगला माणूस आहे” असं नाही. त्याखाली, नसेल तर काय करायचं ते लिहा: कमी करायचं, पुढे ढकलायचं, की दुसरीकडे वळवायचं. मग थांबवण्याचे तुमचे दोन शब्द ठरवा आणि ते कोण म्हणू शकतं त्याचं नाव लिहा. ते नाव तुमचं स्वतःचं नको.

ते पान त्या माणसाला दाखवा आणि त्याच्याकडून ते दोन शब्द एकदा मोठ्याने म्हणवून घ्या. हसू येईल, लाज वाटेल, तरी म्हणवून घ्या. माझ्या दुकानातला मुलगा पहिल्यांदा “माल थांबवतो” म्हणाला तेव्हा इतका हळू बोलला की मला तीनदा विचारावं लागलं.

पान तयार झालं की काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा, गिऱ्हाइकाला दिसणार नाही असं. पुढच्या व्हिडिओत उधारीची मर्यादा कशी ठरवायची ते आकड्यांसह करू. त्यासाठी तुमच्या पाच सगळ्यात मोठ्या पार्ट्यांची बाकी आजच काढून ठेवा.